चपला काढायच्या जागा

चिमटा लाकडी होता. प्लॅस्टिकचा चिमटा वर्षभर उन्हात राहिला की दाबताक्षणी तुटतो. लाकडी चिमट्याची स्प्रिंग मात्र गंजली तरी पकड सोडत नाही. ओंकारच्या पांढऱ्या शर्टावर तो बरोबर मधोमध लागला होता, खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये, जिथे माणसाचा स्वतःचा हात वरूनही पोहोचत नाही आणि खालूनही.

बालरथाच्या दारात उभी राहून मुलं आत घेणाऱ्या विनोदिनीने तो पाहिला आणि काही न बोलता ओंकारला वर चढू दिलं. बालरथ म्हणजे शाळेची बस. विनोदिनी तिच्यावर अटेंडंट होती. मुलांना चढवायचं, उतरवायचं, वळणावर ज्यांना मळमळतं त्यांना खिडकीशी बसवायचं, आणि शेवटचं मूल घराच्या आवारात शिरेपर्यंत रामचंद्र ड्रायव्हरला गाडी हलवू द्यायची नाही, एवढं तिचं काम. मुलं तिला मावशी म्हणत.

ओंकारच्या बॅगेचा पट्टा तुटला होता म्हणून त्याने ती छातीशी धरली होती. तो सीटवर बसून उद्या आपण कुणाला कसं गाठणार ते रंगवून सांगू लागला. सगळी बस ओठ आवळून ऐकत होती. मग तो मागे टेकला, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"कोण तो?" त्याने विचारलं.

दुसऱ्या रांगेतून सिद्धीने हात वर केला, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. नळावर पाणी पिताना तो वाकला होता तेव्हाच तिने काम उरकलं होतं. बसमध्ये हशा उसळला. रामचंद्रने आरशात बघत विचारलं की आज कोण मेलो. ओंकार उठून सिद्धीपाशी गेला आणि नियमाप्रमाणे आपल्याकडचं नाव तिच्या कानात सांगून परत जागेवर येऊन बसला.

हा खेळ दहावीच्या मुलांनी गॅदरिंग संपल्यावर काढला होता. त्याला ते 'चिमटो' म्हणत. प्रत्येकाच्या कानात एक नाव सांगितलेलं. त्या माणसाच्या पाठीला चिमटा लावायचा. लागला की तो बाद. बाद झालेल्याने आपल्याकडचं नाव लावणाऱ्याला द्यायचं, की मग त्याने त्या नावामागे लागायचं. आपण कुणाच्या मागे आहोत ते माहीत असतं, आपल्यामागे कोण आहे ते माहीत नसतं. शेवटी जो उरेल त्याला बाकीच्यांनी कॅंटीनमध्ये पोटभर भाजी-पाव खिलवायचा, आणि नाताळच्या सुट्टीच्या आत खेळ संपला पाहिजे.

जिथे चपला काढायच्या तिथे चिमटा लावायचा नाही, असा एक नियम होता. म्हणजे घर, देऊळ आणि शाळेतली कॉम्प्युटरची खोली. पहिल्याच आठवड्यात देवेशने मैदानाच्या मधोमध बूट काढून बसकण मारली आणि ही आपली चपला काढायची जागा, असं जाहीर केलं. त्यावर मोठा वाद झाला. शेवटी पंच असलेल्या ऋतिकाने निकाल दिला की मोठी माणसं जिथे चपला काढतात तीच जागा धरायची. तेव्हापासून मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे, आणि मुलांना विषयाची गोडी लागली म्हणून तिथले सर खूश होते.

ऋतिकाचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून ती पंच. आणि पाय प्लास्टरमध्ये म्हणूनच ती बसमध्ये सगळ्यात पुढच्या सीटवर, विनोदिनीच्या शेजारी बसे. जो तो येऊन तिच्या कानात हिशेब देई. त्यामुळे कोण कुणाच्या मागे आहे, कोण गेलं, कोण उरलं, हे सगळं ऋतिकाच्या बरोबरीने विनोदिनीला कळत होतं.

"मावशी, तुया आयकलंस तरी आयकूक नाय असां समज," ऋतिकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"माका कित्याक व्हयो तुमचो चिमटो? बसमधी काढलास तर मात्र खिडकीतसून भायर टाकतलंय."

मुलांचा तिच्यावर विश्वास होता. कुणाचा डबा कुणी खाल्ला, कुणाच्या वहीत कुणाचं नाव होतं, कुणाचा बाप सकाळी ओरडत होता, हे तिच्या कानांवरून वर्षानुवर्षं गेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. शिकलेल्या माणसाला जसा आपल्या पदवीचा, तसा विनोदिनीला या गोष्टीचा अभिमान होता. तो तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता एवढंच.

सिद्धी तिची मुलगी. पहिलीत असताना सिद्धी बसमध्ये 'आई' म्हणून हाक मारायची तेव्हा विनोदिनीनेच तिला समजावलं होतं, की इथे तू सगळ्यांसारखी, इथे मावशी म्हणायचं. पोरीने ते इतकं मनावर घेतलं की शाळेच्या फाटकापासून धारगळच्या वळणापर्यंत आईकडे ती इतरांसारखीच बघे. आता चिमट्याच्या खेळात तिने एकापाठोपाठ एक मुलं बाद केली, आणि विनोदिनीला बाकीच्यांसारखंच गप्प बसून ते बघावं लागलं. एकदा तिला राहवलं नाही. घरी भाकऱ्या थापताना ती सहज म्हणाली की त्या देवेशचं लक्ष डबा खाताना कुठे नसतं. सिद्धी हसली.

"तू कोणाचां सांगणंस नाय मा? मगे माकापण सांगू नको," ती म्हणाली.

बरोबरच होतं ते. विनोदिनीने भाकरी उलटली.

पण त्याच संध्याकाळी वास्कोहून आतेचा, सिद्धीच्या आत्याचा, फोन आला आणि सिद्धी तो घेऊन मागच्या दारी गेली. फोन विनोदिनीचा होता. सिद्धीला अजून स्वतःचा नव्हता. केळीपलीकडून कुजबुज ऐकू येत होती, मग हसू, मग पुन्हा कुजबुज. आतेने सुचवलं होतं की बॅग पाठीवरून कधी काढायचीच नाही. बॅग असली की पाठ नसते. आतेने सांगितलं होतं की माणूस वाकतो कधी ते बघ, नळावर, बुटाच्या नाडीशी, गेटच्या कडीशी. ओंकारचा नळ आतेचाच होता. हे सगळं सिद्धीने जेवताना बाबांना, गुरुदासला, सांगितलं, 'आते म्हणता' या दोन शब्दांनी सुरू होणाऱ्या एकेका वाक्यात. गुरुदास हसला. आपली पन्नाशीतली बहीण शाळेतल्या पोरांच्या पाठीला चिमटे लावायच्या युक्त्या शोधते, याची त्याला मोठी गंमत वाटली.

विनोदिनीला सगळी नावं माहीत होती. दहावीतल्या प्रत्येक मुलाच्या खोडी तिला पाठ होत्या. आतेने, सरस्वतीने, त्यातला एकही मुलगा कधी पाहिला नव्हता.

सरस्वती गुरुदासची थोरली बहीण. वास्कोला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात तिची नोकरी होती. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात, मूलबाळ नव्हतं. ती वाईट असती तर विनोदिनीचं काम सोपं झालं असतं. पण सिद्धी लहान असताना, विनोदिनीला बालरथावर नुकतंच काम लागलं होतं तेव्हा, पोरीला गोवर आला आणि सरस्वती रजा टाकून धारगळला येऊन राहिली होती. रात्रंदिवस उशाशी बसली होती. नोकरीचे पहिलेच दिवस, खाडा केला तर काम जाईल, म्हणून विनोदिनी दुसऱ्यांची मुलं चढवत-उतरवत होती. हे सरस्वतीने कधी बोलून दाखवलं नाही. ते बोलून दाखवलं असतं तर बरं, असं विनोदिनीला कितीदा वाटलं होतं.

गेल्या चवथीला आरत्या झाल्यावर सरस्वतीने विषय काढला होता. दहावी झाली की सिद्धीला माझ्याकडे पाठव. सायन्स पेडण्यातही आहे हे मला ठाऊक आहे, पण तिथे क्लास आहेत, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, आणि पोरीला गणितात गती आहे. सिद्धी खाली मान घालून पंचखाद्य निवडत होती, पण तिचे हात थांबले होते. विनोदिनीने ते पाहिलं. ती म्हणाली, देवाला विचारू आणि मग सांगू.

गावची ती रीतच होती. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, परदेशी जायचं, काही मोठं असलं की देवळात कौल घ्यायचा. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर कुणी काही बोलत नाही. पण विनोदिनीला कौल घ्यायला सवडच होत नव्हती. एका रविवारी तिला शिवायचं नव्हतं, एका रविवारी गुरवाच्या घरी सुतक, मग दिवाळीची साफसफाई, मग जत्रा. गुरुदास डिचोलीला खाणीवर ट्रक चालवी. दमून यायचा आणि आठवड्यातून एकदा तरी विचारायचा.

"तायचो फोन इल्लो. काय सांगू?"

"देवाक विचारल्याबिगर कसां सांगतलंस?"

"मगे विचार तरी."

"विचारतलंय," विनोदिनी म्हणायची, आणि भांडी घासायला उठायची.

खेळात थोडीच मुलं उरली तेव्हा शनिवार-रविवार धोक्याचे झाले. मुलं एकमेकांच्या घरांभोवती, बाजारात, क्रिकेटच्या मैदानावर दबा धरून बसू लागली. त्यावर उपाय सरस्वतीने काढला. शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून ती स्वतःच धारगळला आली, सोबत केक घेऊन, आणि सिद्धीला दोन दिवसांसाठी घेऊन गेली.

"थंय वास्कोक कोण येतलो गो चिमटो घेवन?" ती हसत म्हणाली. "चेडू माझ्याकडे एकदम सेफ."

विनोदिनीही हसली. सेफ हा शब्द मात्र जेवण झालं तरी तिच्या कानात राहिला.

रविवारी तिने सवयीने तिघांची सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली, तिघांचा भात टाकला. गुरुदास म्हणाला, एवढां कोणाक? तिने उरलेला भात झाकून ठेवला. संध्याकाळी सिद्धी परत आली ती वेगळ्याच साबणाच्या वासाची. केसांचा भांग मधोमध होता. विनोदिनी तो नेहमी डावीकडे काढायची. आतेने खोलीत टेबल आणलं होतं, त्यावर वाकवता येणारा दिवा होता. खिडकीतून बोटी दिसायच्या. आते झोपण्याआधी तिच्याबरोबर गणितं सोडवायची आणि मुद्दाम चुकायची. विनोदिनी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोरीच्या केसांत फणी घातली आणि भांग होता तिथे, डावीकडे, जरा जोर लावूनच काढला. सिद्धी "आई, दुखता," म्हणाली, तेव्हा ती थांबली.

त्या आठवड्यात तिघंच उरली. देवेश, सिद्धी आणि गौरवी. गौरवी म्हणजे हायवेवर नारळाची गाडी लावणाऱ्यांची मुलगी; वर्गात आहे की नाही ते कळू न देणारी. तिला कुणी धरतच नव्हतं, म्हणून ती उरली होती. सिद्धीकडे देवेशचं नाव होतं. गौरवीकडे सिद्धीचं. ते विनोदिनीला बुधवारी कळलं. ऋतिका प्लास्टरवर पेनाने फुलं काढत होती आणि गौरवी तिच्या कानाशी वाकून रडवेल्या आवाजात सांगत होती की तिची बॅग कधी निघतच नाही, मी काय करू?

ऋतिकाने पंच म्हणून खांदे उडवले. विनोदिनी रस्त्याकडे बघत राहिली.

शुक्रवारी सकाळी घरून निघताना सिद्धी आपणहून तिच्याजवळ आली. या सगळ्या खेळात पहिल्यांदाच. ती खूश होती, आणि खूश असली की ती हळू बोलायची.

"आई, आज पाचच्या बसीन जातलंय वास्कोक. बॅग नेवचंय नाय. आतेन नवी पिशवी दिल्या, ती हातात धरतलंय. कोणाक सांगू नको हां."

"ह्या आयतवारी आपण कौल घेवया म्हणत होते बाबा," विनोदिनी म्हणाली.

"मगे फुडल्या आयतवारी घेवया," सिद्धी म्हणाली. "सोमवारी देवेशाक गाठलंय की खेळ सोपत इलो. दोन दीस तेवढे जावक व्हये."

खेळ आठवड्याभरात संपेल. पण वास्को संपणार नव्हतं. विनोदिनीला ते तिथे, दाराशी, अगदी स्वच्छ दिसलं. आणि तरीही तिच्या मनाने दुसराच हिशेब मांडला. पोरगी बाद झाली की लपायचं कारण नाही. लपायचं कारण नाही तर जायचंही कारण नाही. निदान हा रविवार. सुंगटं तिघांची.

दुपारी बस धारगळच्या अलीकडच्या थांब्यावर आली. गौरवी उतरायला उठली. सिद्धी मागे खिडकीशी कुणाशी तरी बोलत होती. विनोदिनीने नेहमीसारखा गौरवीच्या दंडाला हात लावून तिला पायरी उतरवलं, आणि तो हात सोडला नाही.

"पाच वाजता, हायवेच्या स्टॉपार," ती म्हणाली. "पाठीर बॅग नसतली."

गौरवीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. अटेंडंट मावशी असं काही बोलेल हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तिने मान हलवली. रामचंद्रने हॉर्न दिला. विनोदिनीने दार ओढून घेतलं, आणि मोजत असलेली मुलं तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

ती सिद्धीला सोडायला स्टॉपवर गेली. एरवी गेली नसती, पण घरात बसवेना. हायवेला गाड्यांची रांग होती, मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्स्या, वाळूचे ट्रक. सिद्धीने निळा ड्रेस घातला होता आणि नवी पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. भांग मधोमध. स्टॉपच्या भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, त्यामुळे तिला पाठ टेकता येत नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि आईचा हात धरून तिला आपल्यामागे आणलं.

"माझ्या पाठीमागे उभी रव, आई," ती म्हणाली. "बस येईसर."

विनोदिनी तिच्यामागे उभी राहिली. पोरगी तिच्या खांद्याइतकी उंच झाली होती. ड्रेसची चेन मानेपाशी किंचित उघडी होती. ती तिने वर ओढून लावली. तेवढ्यात नारळाच्या गाडीआडून गौरवी आली. ती पळत नव्हती. हळूहळू येत होती, चिमटा मुठीत, नजर विनोदिनीवर. तिच्या नजरेत विचारणं होतं. तिला तिथेच थांबवायला अजून वेळ होता. विनोदिनी फक्त जागची हलली नसती तरी पुरे होतं.

तिने पेडण्याच्या बाजूने बस येते का ते बघण्यासाठी वळल्यासारखं केलं आणि एक पाऊल बाजूला झाली.

चिमटा लागल्याचं सिद्धीला लगेच कळलं. ती वळली, गौरवीला बघितलं, आणि आधी हसली. खेळात हरल्यावर हसावं तसं, मनापासून. "तू गो? तुका कसां कळलां?" तिने विचारलं.

गौरवीला एवढं मोठं यश आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. तिचा चेहरा फुलून आला होता. ती सिद्धीच्या खांद्यावरून विनोदिनीकडे बघून म्हणाली, "मावशी, तू सांगल्लंस तसांच झालां."

सिद्धीने मागे वळून बघितलं नाही. मग वाकून तिने गौरवीच्या कानात देवेशचं नाव सांगितलं, कारण नियम तसा होता. पाठीवरचा चिमटा काढायला हात मागे नेला; तो पोहोचेना. गौरवीने काढून दिला.

म्हापसा-पणजीची बस आली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता. सिद्धीने हात वर केला नाही. बस गेली.

"जाणंस नाय?" विनोदिनीने विचारलं.

"नाका," सिद्धी म्हणाली, आणि घराच्या दिशेने चालू लागली. रस्ता अरुंद होता. एरवी त्या दोघी एकापुढे एक चालायच्या. आज सिद्धी चिरेबंदी कुंपणाच्या कडेने, आईच्या बरोबरीने चालली. विनोदिनी मागे पडली की ती थांबायची.

विनोदिनीला हवा होता तसा शनिवार मिळाला. सिद्धी घरात होती. तिने अभ्यास केला, पाणी भरलं, सांगितलं ते काम केलं, विचारलं त्याचं उत्तर दिलं. आदळआपट नाही, रडणं नाही. गुरुदासला तर काही झालंय हे कळलंही नाही. पण जेवायला ती ताट घेऊन भिंतीला टेकून बसली. पुस्तक घेऊन बसली तीही भिंतीला टेकून. चूल फुंकायला वाकायच्या आधी तिने विनोदिनी कुठे आहे ते बघितलं. सकाळी विनोदिनी फणी आणि तेलाची बाटली घेऊन पायरीवर बसली, पोरीने रोजच्यासारखं पुढ्यात पाठ करून बसावं म्हणून. सिद्धी आतून आली तेव्हा तिने वेणी घातलेली होती. स्वतःच घातलेली, खाली सुटत चाललेली, एका बाजूला कललेली. भांग कुठेच नव्हता, केस नुसते मागे ओढले होते.

"मी घालतंय मा," विनोदिनी म्हणाली.

"जाली," सिद्धी म्हणाली. आवाजात राग असता तर त्याच्याशी बोलता आलं असतं.

रविवारी सकाळी सरस्वती आली. हातात पिशवी, पिशवीत औषधाच्या गोळ्या, मोसंबी आणि पेजेसाठी उकडा तांदूळ. ती चपला काढून थेट विनोदिनीकडे गेली आणि तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप गेलो?"

विनोदिनीला कळलं नाही. सरस्वती सांगत होती की शुक्रवारी सिद्धीचा फोन आला, आईक बरां नाय, तिका सोडून येवक जमाचां नाय म्हणाली. म्हटलं दोन दिवस झाले, बघून तरी येऊ. विनोदिनीने सरस्वतीच्या खांद्यावरून पाहिलं. सिद्धी दारात उभी होती, चौकटीला पाठ लावून. तिने आईकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. कुठलीही मुलगी आपल्या आईला सांभाळून घेते तशी.

"गेलो," विनोदिनी म्हणाली. "आता बरां आसा."

सरस्वतीने तिला उठू दिलं नाही. स्वतः पेज केली, स्वतः मोसंबी सोलली, आणि एकेक फोड तिच्या हातात ठेवली. विनोदिनीने त्या खाल्ल्या. ज्या बाईचा आपल्याला इतके दिवस हेवा वाटला तिच्या हातच्या फोडी गिळताना तिला समजत होतं की तो हेवा अजूनही गेलेला नाही. तो तिथेच होता, छातीच्या मधोमध, काढायला हात न पोहोचणाऱ्या जागी.

गुरुदासला मात्र संधी दिसली. ताय आलीच आहे, विनोदिनीही बरी आहे, गुरव देवळात आहे. आजच कौल घेऊन टाकू, तो म्हणाला. सरस्वती म्हणाली, हिचं अंग दुखत असेल तर राहू दे, मला घाई नाही. विनोदिनीने पदर सारखा केला आणि नारळ घेतला.

देवळात दुपारच्या आधीची शांतता होती. लादी थंड होती. गुरवाने नारळ घेतला, पाकळ्या तांब्यात भिजवल्या आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक करून लावल्या. ओल्या पाकळीची पकड फार नसते; वारा, पाणी, वजन, कशानेही ती सुटते. विनोदिनी त्यांच्याकडे बघत राहिली. सरस्वती डोळे मिटून, हात जोडून उभी होती. गुरुदास गुरवाच्या शेजारी. सिद्धी सगळ्यांच्या मागे होती. तिथून तिला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या.

गुरव गाऱ्हाणं घालू लागला. बा देवा म्हाराजा, हे तुझे लेकुरवाळे आज तुझ्या पायाकडे इले आसत. गुरुदास म्हणाला, होय म्हाराजा. ह्यांचां चेडू शिक्षणासाठी गाव सोडून वास्कोक धाडूक व्हयां की नाय, ह्याचो तू उजवो-डावो कौल दी. होय म्हाराजा.

उजवी पडली तर पोरगी जाईल, आणि देवाने नेली असं आयुष्यभर म्हणता येईल. डावी पडली तर राहील. तीही देवानेच ठेवली म्हणता येईल. राहील, अभ्यास करील, सांगितलेलं काम करील. डाव्या पाकळीची कड सुटू लागली होती. पाण्याचा एक थेंब तिच्या टोकाला जमत होता.

"थांबा, गुरवानू," विनोदिनी म्हणाली.

देवळात तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. गुरव मधेच थांबला. गुरुदासने वळून पाहिलं. सरस्वतीने डोळे उघडले. विनोदिनी मात्र त्यांच्यातल्या कुणाकडे बघत नव्हती. ती देवाकडे पाठ करून वळली होती, मागे उभ्या असलेल्या मुलीकडे.

"ह्यां देवाक विचारू नका. सिद्धीक वास्कोक मी धाडतंय."